एलिया : एका नावाचा इतिहास

ज्या महोत्सवानिमित्त ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडत आहे, त्यास आपण सर्व ‘ज्युबिली’ म्हणतो. हा शब्द इंग्रजीतून आला असे पुष्कळांस वाटते, परंतु त्याचे माहेर हिब्रू भाषेत आहे. ‘योबेल’ म्हणजे एडक्याचे शिंग. लेवीय पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पन्नासावे वर्ष उजाडले की हे शिंग फुंकावयाचे, दासांस मोकळे करावयाचे आणि गहाण पडलेली जमीन मूळ कुळास परत द्यावयाची. शिंगाचे नाव वर्षास मिळाले आणि वर्षाचे नाव आज आपल्या मंडपावरील पताकांस मिळाले आहे. असे कित्येक हिब्रू शब्द आपल्या घरात पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. आपण त्यांस रोज हाक मारतो आणि ते कोण, कोठले, हे विचारीत नाही. अशाच एका शब्दाची, किंबहुना एका नावाची, विचारपूस करण्याचा प्रसंग आम्हांवर आला, त्याची ही हकीकत.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण जोडपे बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरविण्यास आमच्याकडे आले. बरोबर मुलाचे आजोबा होते. नाव काय ठेवणार, असे आम्ही विचारिले तेव्हा तिघांची तोंडे तीन दिशांस झाली. आजोबांची इच्छा अशी की, त्यांच्या वडिलांचे नाव, एलियास, नातवास मिळावे. मुलाच्या बापास ते नको होते. कारण विचारता तो म्हणाला, “फादर, आजोबांच्या दाखल्यावर कोणी तरी ‘इलियास’ लिहून ठेवले. तेव्हापासून ज्या कचेरीत जावे तेथे पहिला प्रश्न, तुम्ही मुसलमान की ख्रिस्ती? बाबांचा अर्धा जन्म ते खुलासे देण्यात गेला. माझ्या पोराच्या गळ्यात हे लोढणे कशाला?” आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग आम्हांकडे वळून म्हणाले, “फादर, तुम्हीच सांगा याला, या नावाचा अर्थ काय आहे तो.”

आम्ही काय सांगितले? “जुन्या करारातील एका मोठ्या संदेष्ट्याचे नाव आहे,” इतकेच. सेमिनरीत हिब्रू भाषेची अक्षरे आम्हीही गिरविली होती, परंतु पाटीवरची अक्षरे पुसली जावीत तशी ती पुसली गेली. आजोबांनी मान हलविली खरी, पण त्या मान हलविण्यात समाधान नव्हते. जोडपे आठ दिवसांनी येतो म्हणून गेले. त्या आठ दिवसांत जुनी पुस्तके काढून जे वाचिले आणि त्यानंतरही जे वाचीत राहिलो, त्याचा सारांश येथे देत आहो. आजोबांचे देणे अशा रीतीने तरी फिटावे.

मूळ हिब्रू नाव ‘एलियाहू’ असे आहे, आणि ते संक्षेपाने ‘एलिया’ असेही लिहिलेले आढळते. याची तीन खंडे पडतात. ‘एल’ म्हणजे देव. मधला ‘ई’ हा ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय. शेवटचा ‘याहू’ हा इस्राएलच्या देवाच्या विशेषनामाचा संक्षेप होय. योद, हे, वाव, हे अशा चार व्यंजनांनी हे नाम लिहीत, आणि विद्वान त्याचा उच्चार ‘याहवे’ असा मानतात. तेव्हा एलियाहू म्हणजे ‘माझा देव याहवे’. मधला ‘ई’ हा केवळ जोडस्वर आहे आणि अर्थ ‘याहवे हाच देव’ असा घ्यावा, असेही काही पंडितांचे म्हणणे आहे. आम्हांस पहिला अर्थ अधिक पटतो. कारण ज्या काळात हा पुरुष उभा राहिला त्या काळात, देव कोण आहे, या प्रश्नाबरोबरच, तुझा देव कोण, हा प्रश्नही प्रत्येकाच्या दाराशी येऊन ठेपला होता.

तो काळ ख्रिस्तपूर्व नवव्या शतकाचा. उत्तरेकडील इस्राएल राज्यावर अहाब राजा होता. हा केवळ कथेतील राजा नव्हे. असुरांचा राजा तिसरा शल्मनेसर याने ख्रिस्तपूर्व ८५३ साली कर्कर येथे जे युद्ध केले त्याचा शिलालेख १८६१ साली सापडला, व तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात शत्रूंच्या यादीत इस्राएलच्या अहाबाचे नाव असून त्याचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होते असे लिहिले आहे. अहाबाचा बाप अम्री याचे नाव मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखात येते. हा शिलालेख १८६८ साली सापडला आणि सध्या पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात आहे. त्याच शिळेवर याहवे हे चार अक्षरी नामही कोरलेले आहे. म्हणजे एलियाच्या नावाचा जो उत्तरार्ध तो शत्रूच्या दगडावरही वाचावयास मिळतो.

अहाबाची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची कन्या. तिच्या बापाच्या नावात ‘बाल’ या दैवताचे नाव गुंफलेले होते. ‘बाल’ हा शब्द आपल्या मराठी ‘बाळा’शी काही संबंध ठेवीत नाही. त्याचा अर्थ मालक, स्वामी, धनी असा आहे. आणि मौज अशी की, हिब्रू भाषेतही पत्नी पतीस याच शब्दाने संबोधी. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील जुन्या बाया नवऱ्यास ‘आमचे मालक’, ‘आमचे धनी’ म्हणतात, तसेच ते आहे. पुढे होशेय संदेष्ट्याने शब्दाच्या या दोन अर्थांवरच बोट ठेविले. एक दिवस असा येईल की, देवाची प्रजा त्यास आपला धनी न म्हणता आपला पुरुष म्हणेल, असे त्याने सांगितले. मराठी वाचकास हे स्थळ समजाविण्यास टीका लागत नाही, घरातील आजीचे बोलणे आठविले म्हणजे पुरे.

बाल हा वादळाचा व पावसाचा देव. सीरियातील रास शम्रा येथे १९२८ साली नांगराच्या फाळाला एक थडगे लागले. त्यावरून पुढे जे उत्खनन झाले त्यात उगारित नगरीच्या मातीच्या पाट्या निघाल्या. मेघांवर आरूढ होणाऱ्या बालाच्या कथा त्यांत आहेत. या पाट्यांमुळे एलियाचे आख्यान अधिक स्पष्ट झाले असे आम्हांस वाटते. आम्ही विदर्भातील माणसे आहोत. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी जाऊ लागली, आणि पेरलेले बी मातीतच करपू लागले म्हणजे शेतकऱ्याचे मन कसे होते हे आम्हांस नवे नाही. अशा वेळी शेजारच्या गावचा देव पाऊस पाडतो असे कोणी सांगितले तर त्यासही एक नारळ फोडून पाहावा, असे मनात येणे अस्वाभाविक नाही. व्यासपीठावरून बालाच्या उपासकांस मूर्ख म्हणणे सोपे आहे. आम्हीही पूर्वी तसे म्हटले आहे. आज म्हणणार नाही. ते लोक तहानलेले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, आणि ती नावांचीच आहे. अहाबाने बालाचे मंदिर बांधिले, हे खरे. परंतु त्याने आपल्या मुलांची नावे काय ठेविली? अहज्या आणि योराम. कन्येचे नाव अथल्या. या तिन्ही नावांत याहवेचे नाम आहे. म्हणजे राजाने आपला जुना देव टाकिला नव्हता. दरबारात बाल आणि बारशाच्या दिवशी याहवे, असे ते चालले होते. शोमरोन नगरीच्या राजवाड्यात १९१० साली उत्खननात खापरे निघाली. ती एलियाच्या सुमारे शंभर वर्षांनंतरची असून तेल व द्राक्षारस यांच्या जमाखर्चाची आहेत. त्यांवर जी माणसांची नावे आहेत त्यांत काही याहवेच्या नामाची व काही बालाच्या नामाची, अशी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कारकुनाने तेल मोजले आणि नावे लिहिली. आपण एका मोठ्या वादाची साक्ष लिहीत आहो हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल.

एलियाचा वाद होता तो या दोन्ही डगरींवर हात ठेवण्याशी. कर्मेल डोंगरावर लोकांस त्याने विचारिले ते हेच की, दोन मतांमध्ये लंगडत किती दिवस चालणार? हिब्रूत तेथे लंगडण्याचे जे क्रियापद आहे तेच थोड्या ओळींनंतर बालाचे पुजारी वेदीभोवती नाचतात तेथे पुन्हा येते. भाषांतरात हा टोमणा बहुधा हरवतो.

आता या पुरुषाच्या नावाकडे पाहा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या (जुन्या लॅटिन गणनेप्रमाणे तिसऱ्या) सतराव्या अध्यायात तो एकाएकी उभा राहतो. त्याच्या बापाचे नाव नाही, कुळी नाही, बोलावणे आल्याची कथा नाही. गिलादातील तिश्बे गावचा, एवढेच. आपल्याकडे माणसाचे नाव म्हणजे स्वतःचे, बापाचे आणि आडनाव असे तिपेडी असते. याच्यापाशी एकच पेड, आणि वर गावाचे नाव. कोकणात जन्मता तर त्यास लोकांनी ‘तिश्बेकर’ म्हटले असते! बापाच्या नावाची जागा त्याच्या नावात देवाच्या नामाने भरून काढिली आहे, असे वाटते. हे त्याचे जन्मनाव नसून पुढे घेतलेले बिरुद असावे, असाही तर्क काही अभ्यासक करितात. तर्क मोहक आहे, पुरावा मात्र नाही.

या नावाची खरी कसोटी अठराव्या अध्यायात लागते, आणि ती एलियाची नव्हे, दुसऱ्याच एका माणसाची. अहाबाचा कारभारी ओबद्या. याच्या नावाचा अर्थ ‘याहवेचा सेवक’. ईजबेल राणी संदेष्ट्यांचा संहार करीत असता याने शंभर जणांस पन्नास-पन्नासांच्या टोळ्या करून गुहांत लपविले व अन्नपाणी पुरविले. हा माणूस दरबारात मीठ खात होता आणि चोरून पुण्यही करीत होता. दुष्काळात घोड्यांसाठी गवत शोधीत असता त्यास वाटेत एलिया भेटतो आणि म्हणतो, जा, तुझ्या धन्यास सांग, एलिया आला आहे. ओबद्या गळाठून जातो. आपले कोणते पाप झाले म्हणून मला मृत्यूच्या दाढेत ढकलतोस, असे तो गयावया करून विचारतो. निरोपाचे ते शब्द तो स्वतः दोनदा उच्चारतो आणि प्रत्येक वेळी भीतीने त्याचा जीव जातो.

मराठीत वाचणाऱ्यास प्रश्न पडतो की, एवढ्याशा निरोपात भिण्यासारखे काय आहे? उत्तर हिब्रूत आहे. तेथे ते अवघे दोन शब्द आहेत, ‘हिन्ने एलियाहू’. ‘पाहा, एलिया’ असा त्याचा एक अर्थ. आणि कानाने ऐकिले तर दुसरा अर्थ, ‘पाहा, माझा देव याहवे’. गुहेत लपविलेली निष्ठा आता राजासमोर, स्वतःच्या तोंडाने, भर दिवसा उच्चारावयाची होती. निरोप्याच्या मिषाने एलियाने त्या सद्गृहस्थाकडून कबुली मागितली. त्याने ती दिली. अध्यायात पुढे त्याचे नाव येत नाही. आम्हांस मात्र कर्मेलवरील अग्नीपेक्षा हा घाबरलेला कारभारी अधिक जवळचा वाटतो. याजकवर्गातील पुष्कळांस वाटत असेल.

कर्मेलवर पुढे काय झाले ते लहान मुलांसही ठाऊक आहे. चारशे पन्नास पुजारी, बारा धोंड्यांची वेदी, बारा घागरी पाणी, आणि आकाशातून अग्नी. ते आम्ही पुन्हा सांगत नाही. शेवटी लोक पालथे पडून जी आरोळी मारतात तीत, याहवे हाच देव, असे ते दोनदा म्हणतात. म्हणजे संदेष्ट्याच्या नावातीलच दोन शब्द त्यांनी उलट क्रमाने उच्चारिले. सकाळपासून जो मनुष्य त्यांच्यासमोर एकटा उभा होता त्याचे नावच संध्याकाळी सर्वांच्या तोंडी आले. त्यानंतर किशोन ओढ्याकाठी जो वध झाला तो आम्ही लपवीत नाही व त्याचे मंडनही करीत नाही. पवित्र शास्त्रही त्या रक्तपातानंतर एलियास सुखाने बसू देत नाही. पुढच्याच अध्यायात तो रानातील एका झुडपाखाली मरण मागत पडलेला दिसतो. मी एकटाच उरलो, असे तो देवास सांगतो. ओबद्याने शंभर माणसे वाचविल्याचे त्याने कानांनी ऐकिले होते, तरी एकटाच! देवाने त्यास सात हजारांचा आकडा ऐकविला. निराशेत हिशेब चुकतो, मग मनुष्य संदेष्टा का असेना.

आता मराठीची अडचण सांगतो. प्रॉटेस्टंट बंधूंच्या प्रचलित मराठी बायबलात त्या चार अक्षरी नामाच्या जागी ‘परमेश्वर’ हा शब्द योजिला आहे आणि ‘एलोहीम’ या शब्दास ‘देव’. शब्द सुंदर आहेत, पण कर्मेलवरील आरोळी मराठीत ऐकिली म्हणजे परमेश्वर हा देव आहे, इतकाच बोध होतो. त्यात वादाचे काय, असे श्रोत्यास वाटते. विशेषनामाच्या ठिकाणी सामान्यनाम आले की कलहाची धार जाते आणि एलियाच्या नावाचा दुवाही तुटतो. ही अडचण आजची नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची पहिली आवृत्ती १६१६ साली गोव्यात निघाली. त्यांनी स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास संकोच केला नाही. उलट पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात मुलींकडून खिळे जुळवून घेऊन, संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करीत असता पुराणांचा वास येणारे शब्द वेचून दूर करीत होत्या. त्यांचे देहावसान १९२२ साली झाले, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते. आमच्या नागपुरासही या कामात वाटा आहे. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापिले. त्यांच्या मराठी ग्रंथकार्यात ज्या पंडितांचे साह्य होते ते वैजनाथशास्त्री नागपूरकडचे होते.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेत हे चार अक्षरी नाम मिस्सेत अथवा गीतांत उच्चारू नये, त्या ठिकाणी ‘प्रभू’ म्हणावे, असे रोमहून २९ जून २००८ च्या पत्राने कळविण्यात आले. काहींस ते आवडले नाही. आमच्या मते हा नियम नवा नव्हे. यहुदी लोक कित्येक शतकांपासून ते नाम वाचताना न उच्चारिता ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ म्हणत आले आहेत, आणि प्रेषितांनीही तीच रीत पाळिली. तोंडाने नाम न घेणे यातही एक प्रेम असते. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत ते काही विसरल्या म्हणून नव्हे. आणि नाम अगदीच लोपले आहे असेही नाही. ‘आलेलुया’च्या शेवटच्या अक्षरात ते आहे. यशया, यिर्मया, जखऱ्या यांत आहे. योहानाच्या नावात, ‘याहवेने कृपा केली’ असे, आहे. आणि येशू या नावाच्या मूळ रूपात, येहोशुआत, ‘याहवे तारितो’ असे, आहे. जेथे नामाचा उच्चार वर्ज्य झाला तेथे माणसांच्या नावांनी ते सांभाळून ठेविले.

याच कारणाने कालवरीवर एक विलक्षण घटना घडली. क्रुसावरून आपल्या प्रभूने मोठ्याने देवास हाक मारिली, ‘एली’ म्हणून. म्हणजे ‘माझ्या देवा’. जवळ उभे असलेल्यांतील काहींस वाटले की, हा एलियास बोलावीत आहे. पाहू या, एलिया यास सोडविण्यास येतो काय, असे ते आपसांत बोलले. मत्तय आणि मार्क दोघेही हे नमूद करितात. श्रोत्यांनी ऐकण्यात चूक केली, पण चूक का झाली ते आता वाचकांस सांगावयास नको. नावाचा अर्धा भाग त्या हाकेत होताच. संकटात एलिया धावून येतो अशी त्या काळच्या लोकांची श्रद्धा होती. मलाखीच्या पुस्तकाच्या अंती त्याच्या पुनरागमनाचे वचन आहे. यहुदी घरांत वल्हांडणाच्या भोजनात आजही त्याच्यासाठी पेला भरून ठेवितात. सुंतेच्या वेळी, म्हणजे ज्या दिवशी मुलाचे नाव ठेवितात त्या दिवशी, एक आसन त्याच्या नावाने मांडितात.

हे सर्व दूरच्या देशांतले वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातच या. कुलाबा, म्हणजे आताचा रायगड जिल्हा, ही बेने इस्राएल लोकांची भूमी. त्यांची परंपरा अशी की, गलबत फुटून त्यांचे पूर्वज, सात पुरुष व सात स्त्रिया, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली, तेलाचा घाणा हाती आला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. नावेही मराठी वळणाची झाली. शमुवेलाचा सामाजी, अब्राहामाचा अबाजी, इसहाकाचा इसाजी, आणि वर गावावरून आडनावे, दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर. मुंबईत १७९६ साली पहिले सभास्थान बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे शमुवेल यहेज्केल होत. समाजाचा इतिहास हायम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहून ठेविला, तो १९३७ साली छापून निघाला.

एवढे सर्व विसरूनही हे लोक एक नाव विसरले नाहीत. ‘एलियाहू हन्नाबी’. हन्नाबी म्हणजे ‘तो संदेष्टा’. अलिबागजवळ खंडाळा येथे एक खडक आहे. एलियाचा अग्निरथ येथे उतरला व येथूनच स्वर्गास गेला, घोड्यांच्या टापांची व रथचक्राची खूण या खडकावर आहे, अशी त्यांची श्रद्धा. नवस करावयाचा, फेडावयाचा, लग्न ठरले, प्रवासास निघावयाचे, अशा प्रसंगी ते ‘मलिदा’ करितात. पोहे, खोवलेले ओले खोबरे, साखर, वेलदोडे, मनुका असे ताटात कालवून भोवती फळे मांडितात, आणि एलियाहूचे नाव घेऊन हिब्रू गीत म्हणतात. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायल देशात जाऊन राहिले. मलिदाही बरोबर गेला. अन्यत्र यहुद्यांत ही चाल आढळत नाही. कोकणाच्या नारळाने एलियास दिलेली ही भेट होय.

तिकडे ग्रीक बायबलातून आपल्याकडे ‘एलियास’ आला. लॅटिनने तोच ठेविला आणि पोर्तुगीज व फ्रेंच पाद्र्यांनी तो आपल्या पूर्वजांच्या बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिला. अरबीत त्याचाच ‘इल्यास’ झाला. कुराणात दोन ठिकाणी त्याचा उल्लेख असून सदतिसाव्या सूरेत तो आपल्या लोकांस, बालाचा धावा का करिता, असे विचारतो. म्हणून मोमिनपुऱ्यातील इलियासभाई, अलिबागचे एलियाहू आणि आमच्या या आजोबांचे वडील, हे एकाच नावाचे तीन धनी. ज्या कारकुनाने दाखल्यावर ‘इलियास’ लिहिले त्याची चूक झाली खरी, परंतु ती कालवरीवरील श्रोत्यांच्या चुकीसारखीच. ऐकिले ते सर्वस्वी खोटे नव्हते.

आठ दिवसांनी जोडपे परत आले. आम्ही हे सर्व, यापेक्षा पुष्कळ विस्कळीतपणे, त्यांस सांगितले. ओबद्याच्या निरोपाची गोष्ट ऐकताना बाळाची आई पुढे सरकून बसली. बाप काही बोलला नाही. आजोबांनी मध्येच विचारिले, “म्हणजे फादर, माझ्या बापाला हाक मारली की देवाचं नाव निघत होतं?” आम्ही म्हटले, “होय बाबाजी.” ते हसले. म्हणाले, “आणि आम्ही तर त्यांना नुसतं ‘एल्या’ म्हणत होतो घरात, सगळी वडीलधारी माणसं.” लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याने पाटी मागवून मुलाचे नाव लिहिले आणि नातलगांचा वाद मिटला, ती आठवण आम्हांस झाली. येथे पाटी नव्हती, बाप्तिस्म्याचा अर्ज होता. मुलाच्या बापाने तो पुढे ओढला, खिशातून पेन काढिले, आणि विचारिले, “फादर, शेवटी ‘स’ लिहायचा की नाही?”

आम्ही कपाटातून जुनी वही काढिली. शाई तपकिरी झालेली, भाषा लॅटिन. पणजोबांच्या नावाची ओळ सापडली. फ्रेंच पाद्रीसाहेबांनी शेवटचा ‘स’ मोठ्या झोकात ओढलेला होता. ती ओळ आजोबांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, बोट अक्षरांवर ठेविले, आणि नातवाच्या बापाकडे पाहून म्हणाले, “तुला पाहिजे तसं लिही.” त्याने ‘एलिया’ लिहिले. मग क्षणभर थांबून पुढे ‘स’ जोडला.